मांगरातली हातरी

बायका माझ्याकडे सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, न्यायला येतात. सुंगटं घेतात, पदराच्या टोकाला बांधतात, आणि उठायचं नाव काढत नाहीत. मग मला कळतं, हिची गर्भाची पिशवी काढायची ठरली आहे, नाहीतर ही नुकतीच काढून आली आहे. काय खायचं, घागर कधीपासून उचलायची, पोटाला पट्टा बांधायचा की नाही, हे सगळं विचारून होतं. खरा प्रश्न उंबऱ्यात येतो, जाता जाता, माझ्याकडे न बघता.

"आणि मगे... ता?"

"ता काय?" मी मुद्दाम विचारते. ती पदर तोंडाला लावते. मग मी तिला पुन्हा आत बसवते आणि सगळं सांगते. एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवते आहे. मी मालवणात सातवीपर्यंत शिकले आहे, लिहिणं मला जड नाही. ज्यांना लाज वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मी लाजत बसले असते तर आज बसून हे लिहिलं नसतं.

मांगर

आमचं घर देवबागला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळू आणि माड. घरात माणसं भरपूर. सासू, थोरले दीर ज्यांना सगळे दादा म्हणत, जाऊ, त्यांची पोरं, आणि माझी दोन, एक चेडू म्हणजे मुलगी नि एक झील, मुलगा. नवरा-बायकोने पाठ टेकायला जागा कुठली असायची? घरामागे माडात एक मांगर होता. झावळ्यांच्या झापांनी शाकारलेली खोली, आत जाळी, वल्ही, दोरखंड. लग्न झालं तशी माझी हातरी, माझं अंथरूण, त्या मांगरात पडली. जाळ्यांचा वास सुरुवातीला डोक्यात जायचा, नंतर त्याच्याशिवाय झोप येईना.

त्या काळी दिवसा नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. सासूसमोर त्यांना हाक मारायची नाही, त्यांनीही मला नाही. दादांसमोर तर मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. ते खळ्यात, म्हणजे अंगणात, आले की मी आत. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि मी त्यांच्याशी. काही निरोप असलाच तर जावेच्या तोंडून. कोणाला त्यात वावगं वाटत नसे, मलाही नाही.

म्हणजे दिवसभर आमचे हे आणि मी एका घरात परक्यासारखे वावरायचो. हे होडीचे तांडेल, होडीवरच्या खलाशांवर दिवसभर ओरडायचे, घरात आले की गप्प. आणि मांगराचं दार लावलं की आमची तोंडं सुटायची. बाजारात कोणी मला फसवलं, सासू काय म्हणाली, होडीची कुठली फळी कुजली, चेडवाला शाळेत घालायचं की नाही. भांडणंही तिथेच. अंगाला अंग लागलं की निम्मं भांडण तिथेच विरायचं. हे सगळं तेव्हा मला कळत होतं असं नाही. तेव्हा मी सगळ्या बायकांसारखीच समजत होते, की ते पोरांसाठी असतं आणि पुरुषाची गरज असते, बाईने नाही म्हणू नये, एवढंच.

गाठ

धाकटा झील चालायला लागला आणि माझ्या अंगावरून जायला लागलं. आधी पाच दिवस, मग दहा, मग थांबेचना. आमच्यात बाहेरची असलेल्या बाईने वेगळं बसायचं. चार दिवस ठीक आहे, पण मी अख्खा महिना बाहेरची. चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, माणसाला नाही. हातरी मांगरातून उचलून पडवीत आली. सासूने काढे दिले, धामापूरच्या भगवतीला नारळ ठेवून आली. चेहरा माझा पिठासारखा झाला. जिना नसलेल्या घरात मला धाप लागायची.

शेवटी आमच्या ह्यांनी आवशीला, माझ्या सासूला, न विचारता मला होडीत घातलं आणि मालवणला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले, आणि म्हणाले, "बाई, पिशवीत गाठ आहे. पिशवी काढावी लागेल. घाटावर मोठ्या इस्पितळात जा, उशीर करू नका."

माझ्या तोंडून काय निघावं? "डॉक्टर, मगे भाकऱ्या थापूक गावतील?" डॉक्टर हसले. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं. बाईचं काय काढतात आणि काय शिल्लक ठेवतात, मला काय ठाऊक?

परतताना हे वल्हवत होते. ऊन चढलं होतं. वल्हं थांबवून त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि माझ्या डोक्यावर घातलं. खाडीत भर दिवसा, लोकांच्या चार होड्या आजूबाजूला असताना. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

घाटावर

मासेमारीचे दिवस होते. तांडेल किनाऱ्यावर बसला की होडीवरच्या सगळ्या घरांच्या चुली थंड, म्हणून ह्यांना निघता येईना. दादा घरातले कर्ते, कचेरीत जाऊन शुद्ध बोलणारे, सहीवाले. त्यांनी मला आणि सासूला एस.टी.ने फोंडाघाटावरून वर नेलं, इस्पितळात भरती केलं, कागदावर सही केली आणि गेले. सासू माझ्याजवळ राहिली.

ऑपरेशनचं मी काही सांगणार नाही, कारण मी झोपले होते. उठल्यावर तोंडाला कोरड आणि पोटात आग. पाणी मागितलं तर नर्सबाई ओल्या कापसाने ओठ पुसायची. त्या कापसावर मी तिला अजून आशीर्वाद देते. मग सकाळी ताप बघायची काचेची नळी तोंडात, मग अंग पुसणं, मग पातळ वरण आणि भात. मासळीचा वासही नाही. आठवड्याभराने मी स्वप्नात बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि जागी होऊन रडले. सासूला वाटलं पोट दुखतंय.

शेजारच्या खाटेवर एक घाटावरची बाई होती, आक्काताई. उसाच्या गावची, आवाज दणदणीत. तिची पिशवी कित्येक वर्षांपूर्वीच काढली होती, आता दुसऱ्या कसल्यातरी दुखण्यासाठी आली होती. एकदा सासू बाहेर गेल्यावर मी तिच्याशी मन मोकळं केलं. म्हटलं, आता मी रिकामी झाले. नवऱ्याने माझ्याकडे काय म्हणून यायचं?

तिने सुपारी गालात सरकवली. "व्हय गं बाई, तुजा न्हवरा काय त्या पिशवीसंगं लगीन लावून आला व्हता? मला इच्यार. माजा तर नंतरच जास्ती लाडाला आला. पोराचं भ्या न्हाई, काय न्हाई. आमी नव्यानं नांदायला लागलो."

वॉर्डातल्या साऱ्या बायका पांघरुणात तोंड घालून हसल्या. मीही हसले. टाके ओढले गेले, पण बरं वाटलं. मग दिवस मोजत बसले, घरी जायचे.

दादांचा चेहरा

घरी सोडायच्या दिवशी दादा न्यायला आले. सासू गाठोडं बांधत होती. डॉक्टरांनी नर्सबाईला सांगितलं, "यांच्या मालकांना बोलवा." नर्सबाईने दादांना आत नेलं. दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा दादांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नेहमी बघत नसतच, पण सासूकडेही पाहिलं नाही. एस.टी.त आमच्यापासून लांब जाऊन बसले आणि घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर तोंड.

मला वाटलं, गाठ वाईट निघाली. डॉक्टरांनी दादांना सांगितलंय आणि ते मूग गिळून बसलेत.

घरी आल्यावर हे खळ्यात उभेच होते. दादा पायावर पाणी घेता घेता एवढंच म्हणाले, "डॉक्टरान हिका जपूक सांगल्यान हा." आणि आत गेले.

जपणं

त्या एका शब्दाने माझा जीव खाल्ला. मला काय जपलं म्हणून सांगू. मी घागर घेतली की हे धावत यायचे, "तू बस. मी हाडतंय पाणी." मी केर काढायला वाकले की जाऊ हातातून झाडू घ्यायची. हातरी सासूच्या हातरीला लागून माजघरात पडली. आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण टाके सुकले, अंगात रक्त भरलं, तोंडावर तजेला आला, मी पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायला लागले, तरी हातरी माजघरातच.

सासू खूश होती. मी आता कायमची सोवळी. महिन्याचं अडणं नाही. सणवार, नैवेद्य, देवाची पूजा, सगळं माझ्यावर आलं. देवाला मी चालायला लागले होते, नवऱ्याला नाही.

एकदा धीर करून मी सासूला म्हटलं, "आये, हातरी मांगरात न्हेवची काय?"

ती खरंच नवलाने बघत राहिली. "कित्याक? दोन पोरां झाली. आता कित्याक व्हया ता?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिचा नवरा समुद्रात गेला तेव्हा आमचे हे पोटात होते. त्यानंतर ती याच माजघरात झोपत आली. तिच्या दृष्टीने मी तिच्या रांगेत येऊन बसले होते.

मला मात्र तिच्या रांगेत बसायचं नव्हतं. माझा नवरा जिवंत होता, वीस पावलांवर मांगरात एकटा झोपत होता. लिहिताना मला लाज वाटत नाही: मला ते हवे होते. त्यांचं अंग, खारट केस, घट्टे पडलेले हात. पोरं व्हायची नव्हती, गरज त्यांची की माझी हा हिशेबही उरला नव्हता, तरी हवे होते. पोरांसाठीच ते सगळं असतं, तर पिशवीबरोबर ही ओढही जायला हवी होती ना? ती तर जागच्या जागी होती. उलट आता ती एकटीच उरली होती, म्हणून तिचं तोंड मला स्वच्छ दिसलं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आम्ही बोलणं विसरलो. बोलायची जागाच गेली होती. चेडवाला ताप आला तो त्यांना दोन दिवसांनी कळला. मी सारात मीठ जास्त घातलं तरी ते मुकाट खायचे. पूर्वी ताट सरकवून मोकळे झाले असते. ते माझ्याशी भांडेनासेही झाले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. दुखणाईत बाईला माया देतात, नवऱ्याने बायकोला तेवढंच देऊन कसं भागेल? कधी वाटायचं, ह्यांना माझी किळस आली. कधी वाटायचं, दादांनी ह्यांना काहीतरी सांगितलंय, मी थोड्या दिवसांची आहे.

मग मी ठरवलं, काय असेल ते तोंडावर ऐकायचं. पुन्हा तपासून घ्यायला डॉक्टरांनी बोलावलंच होतं. होड्या पावसासाठी ओढून ठेवल्या होत्या, तांडेलाला काम नव्हतं. मी जावेच्या तोंडून दादांना निरोप धाडला: घाटावर ह्यांच्याबरोबर जाईन, नाहीतर जाणार नाही.

शुद्ध बोलणं

डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "उत्तम. घोड्यासारख्या आहात."

"गाठ वाईट होती का?"

"छे. साधी होती. कोण म्हणालं वाईट होती?"

माझा जीव भांड्यात पडला. पण मी उठले नाही. हे दाराजवळ टोपी हातात धरून उभे होते. मी मनाशी वाक्य जुळवलं. मालवणीत ते माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. मालवणीत लाज जिवंत असते, आई-मावशी-सासू सगळ्या कान देऊन बसलेल्या असतात. शाळेतल्या मराठीत मात्र ते धडा वाचल्यासारखं म्हणता आलं.

"डॉक्टर, मी आणि माझे मालक, आम्ही पूर्वीसारखं एकत्र राहायचं की नाही?"

मागे ह्यांची टोपी खाली पडली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे अजून राहत नाही? अहो बाई, मी मागच्या खेपेलाच तुमच्या मालकांना नीट समजावून सांगितलं होतं. टाके भरले की काही हरकत नाही, बाईची इच्छा बघा, सबुरीने घ्या, आणि पोरं होणार नाहीत म्हणून तिला दूर लोटू नका. अर्धा तास बोललो असेन."

हे पुढे झाले. "मला नाय सांगितलं कोणी."

"तुम्ही कोण?"

"मी मालक हिचो."

डॉक्टर एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "मग ते मागच्या वेळचे, ज्यांनी सही केली?"

"ते माझे थोरले दीर," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दोन्ही हात कपाळाला लावले. नर्सबाई पळत बाहेर गेली, तिचं हसणं मला व्हरांड्यातून ऐकू येत होतं.

फोंडाघाट

घाट उतरून एस.टी. फोंड्याला थांबली. हे मला चहाच्या दुकानात घेऊन गेले, बाकावर माझ्या शेजारी बसले. भर बाजारात. कप हातात घेतला आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. चहा धोतरावर सांडला.

"दादाक सांगल्यान. अर्धो तास. दादाक."

"त्यांचा काय चुकला? ते तुमका खंयच्या तोंडान सांगतले?" मी म्हटलं. लहान भावाला त्याच्या बायकोबद्दल असलं काही सांगायचं, तेही त्या दादांनी. त्यापेक्षा ते पोहत गोव्याला गेले असते. त्या अर्ध्या तासातलं त्यांच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं ते एवढंच, की हिला जपा.

हसून झाल्यावर ह्यांनी धोतर झटकलं. कपात बघत म्हणाले, "माका वाटला तुका दुखात. कायतरी फाटात आत. मगे वाटला, तुकाच नको झाला आसात."

"आणि तुमका? पोरां तर आता होवची नाय."

"झाली ती बस झाली." मग कप खाली ठेवून, "तू आवशीकडे निजाक लागल्यापासून माका बोलूक कोण नाय गो. होडीर शंभर गोष्टी होतंत. कोणाक सांगू?"

मला वाटत होतं, हे फक्त मलाच कळलंय. बाईमाणूस म्हणून मीच त्याला बोलण्याशी जोडते, पुरुषाला निराळं काही हवं असतं. तसं नव्हतं. मला तिथेच, त्या चहाच्या दुकानात, माझा नवरा इतका आवडला की मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. समोरचा भजी तळणारा बघत होता. बघू दे म्हटलं.

हातरी

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. पावसातलं ऊन वाया घालवत नाहीत. सासूने खळ्यात सुंगटं सुकत घातली होती. दादा कडेला बसून दोर वळत होते. जाऊ तांदूळ निवडत होती. मी माजघरात गेले, हातरी गुंडाळली, काखेत मारली आणि मागच्या दाराने न जाता पुढच्या दाराने खळ्यात आले. रात्री गुपचूप नेता आली असती. पण मी काही चोरून नेत नव्हते.

"खंय चललस?" सासूने विचारलं.

"मांगरात."

मग दादा उठले. माझ्याकडे पाठ करून, समोरच्या माडाला सांगावं तसं म्हणाले, "डॉक्टरान माका सांगलेल्यान. माझ्या तोंडातसून भायर पडाक नाय. चूक झाली." लग्न झाल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "ऱ्हवांदे, दादा." मीही पहिल्यांदाच. ते दोर तसाच टाकून किनाऱ्याकडे निघून गेले.

मी मांगरात हातरी अंथरली. जाळ्यांचा वास तोच होता. वळून बघते तर दारात सासू. मला वाटलं आता बोलणी खायची. तिच्या हातात तिची स्वतःची गोधडी होती.

"झापांतसून पाणी ठिबाकता. ही घाल वर." ती हातरीशी वाकली, एक कोपरा सारखा केला, आणि मांगरभर नजर फिरवली. जाळी, वल्ही, आढ्याला टांगलेले दोर. या मांगरात लग्नानंतर तिचीही हातरी होती, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तुझो सासरो हंय खूब बोलायचो गो," ती म्हणाली. "थंय घरात तोंडातसून शब्द नाय. हंय बोलायचो."

मग डोळे पुसून ती सुंगटं परतायला गेली.